खांद्यापासून अंगठ्यापर्यंत: क्लेटन कर्शॉचा २०२४ चा अर्धवट हंगाम

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर लॉस एंजेलिस डॉजर्सनी न्यूयॉर्क यांकीजना ४-१ असं हरवून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. सतरा हंगाम याच एका संघाकडून खेळलेल्या क्लेटन कर्शॉने त्या महिन्यात एकही चेंडू टाकला नाही. अख्ख्या वर्षात त्याच्या खात्यावर जमा झाले सात सामने, ३० इनिंग, दोन विजय, दोन पराभव. हंगामाची सुरुवात हुकली ती खांद्यामुळे आणि शेवट हुकला तो पायाच्या अंगठ्यामुळे.

खांदा आणि अंगठा यांचा एकमेकांशी काय संबंध, आणि जिंकायला निघालेला संघ छत्तीस वर्षांच्या, शस्त्रक्रिया झालेल्या पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) अर्धं वर्ष का थांबतो, हे दोन प्रश्न नीट सोडवले तर आजचं पिचिंग बरंचसं कळतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शरीरात आहे आणि दुसऱ्याचं कॅलेंडरमध्ये.

बेसबॉल फारसा न पाहिलेल्यांसाठी आधी थोडं. एका सामन्यात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन जण बाद करायचे असतात. म्हणजे कर्शॉच्या ३० इनिंगचा अर्थ वर्षभरात ९० जण बाद, एवढाच. सामना सुरू करणारा पिचर दर पाच-सहा दिवसांनी एकदा उतरतो आणि सगळं सुरळीत असेल तर १६२ सामन्यांच्या हंगामात तीसेक वेळा. सामन्यातला विजय आणि पराभव प्रत्येकी एका पिचरच्या नावे लागतो, पण पिचरची मुख्य मोजपट्टी म्हणजे ईआरए: क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा सोडून, नऊ इनिंगमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या. आकडा जितका कमी तितका पिचर चांगला. २०२४ मध्ये कर्शॉचा ईआरए ४.५० होता. दहा वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, तो १.७७ होता. त्या वर्षी त्याने २१ सामने जिंकले, तीन हरले, कोलोरॅडोविरुद्ध १५ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर थेट बाद) करत नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना, टाकला आणि सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार तिसऱ्यांदा मिळवला. त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०१३ मध्ये त्याने २३६ इनिंग टाकल्या होत्या आणि २०१५ मध्ये ३०१ स्ट्राइकआउट घेतले होते. २०१६ मध्ये पाठीची डिस्क सरकली आणि तिथून पुढे पाठ, दंड, कोपर, खांदा असं आलटून पालटून काही ना काही दुखत राहिलं.

आता शरीराकडे. आपल्याकडच्या वाचकाला पिचर समजून घ्यायला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे वेगवान गोलंदाज. वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावलं धावत येतो, त्या धावेचा वेग चेंडूत उतरवतो आणि हात सरळ ठेवतो. त्याच्या शरीरावरचा मोठा भार पाठीच्या कण्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर येतो. पिचरला धाव घेताच येत नाही. पंचवीसेक सेंटिमीटर उंच मातीच्या उंचवट्यावर, एका रबरी पट्टीला पाय टेकवून, तो जागच्या जागी वेग तयार करतो. मागचा पाय पट्टीला रेटतो, तो जोर कंबरेत येतो, कंबर वळते, तिच्या मागोमाग छाती वळते, आणि हात मागे राहून शेवटी झटक्यात पुढे येतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत फिरतो. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा. दुखापत होते ती हाताला इतक्या वेगात नेल्यामुळे आणि लगेच थांबवल्यामुळे.

खांद्याचा सांधा मुळात उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका छोट्याशा बशीवजा खोबणीत टेकलेला असतो, म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो. हा माथा जागेवर ठेवण्याचं काम भोवतालचे स्नायू करतात, आणि त्यांच्या आत सांध्याला वेढून असलेलं एक आवरण, ज्याला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात. या आवरणातच काही अस्थिबंध विणलेले असतात. पिचरचा हात मागे जातो तेव्हा दंडाचा माथा पुढच्या बाजूने बाहेर यायला बघतो आणि समोरचं आवरण त्याला अडवतं. एका सामन्यात असं नव्वद-शंभर वेळा होतं, शिवाय सराव वेगळा. आवरण हळूहळू ताणतं, सैल होतं आणि एके दिवशी फाटतं.

कर्शॉचा खांदा २०२३ च्या जूनअखेर दुखू लागला. काही आठवडे विश्रांती घेऊन तो ऑगस्टमध्ये परतला आणि हंगाम १३ विजय, २.४६ ईआरए असा झकास आकड्यांनी संपवला. पण त्याचा चेंडू मंदावला होता आणि बारकाईने पाहणाऱ्यांना ते दिसत होतं. ७ ऑक्टोबरला ॲरिझोनाविरुद्ध बादफेरीचा पहिला सामना त्याने सुरू केला. एकच जण बाद झाला आणि सहा धावा गेल्या. डॉजर्स तो सामना ११-२ असा हरले आणि पुढचे दोन हरून स्पर्धेबाहेर गेले. लोकांनी त्याला ‘ऑक्टोबरात कच खाणारा’ म्हणून पुन्हा झोडपलं. महिनाभरात, ३ नोव्हेंबरला, डॉक्टर नील एलट्राश यांनी त्याच्या डाव्या खांद्यातलं आवरण आणि अस्थिबंध दुरुस्त केले. म्हणजे त्या रात्री तो फाटक्या खांद्याने उभा होता. हे कळल्यावरही ती टीका आहे तशी चालू ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

कोपराच्या शस्त्रक्रियेची गोष्ट बरीच वेगळी आहे. १९७४ मध्ये डॉजर्सचेच डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्सचाच पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसरीकडचा कंडरा बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती झालेले बहुतेक पिचर परत येतात. खांद्याच्या आवरणाबाबत कोणीही इतकं निर्धास्त बोलत नाही. कारण तिथे दोन उलट गरजा एकत्र नांदतात: सांधा घट्ट हवा, नाहीतर माथा सरकेल, आणि तो सैलही हवा, नाहीतर हात पुरेसा मागे जाणार नाही. सर्जनने एखादा टाका जास्त आवळला तर पिचरचा वेग गेला, कमी आवळला तर पुन्हा फाटण्याची भीती. योहान सँटाना हा कर्शॉच्या आधीच्या पिढीतला तितकाच थोर डावखुरा. २०१० मध्ये त्याच्या खांद्याचं हेच आवरण दुरुस्त झालं, पूर्ण २०११ साल गेलं, २०१२ च्या जूनमध्ये त्याने १३४ चेंडूंत नो-हिटर टाकला आणि पुढच्या वर्षी आवरण पुन्हा फाटलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, तो परत कधी पिचिंग करू शकला नाही.

हे सगळं माहीत असूनही डॉजर्सनी २०२४ च्या फेब्रुवारीत कर्शॉशी करार केला. मूळ रक्कम त्याच्या नावाच्या मानाने माफक होती आणि सामने सुरू केले तर वाढीव पैसे ठरलेले होते. उन्हाळ्याच्या आधी तो खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. संघाला हे परवडतं ते दुखापतग्रस्तांच्या यादीमुळे. प्रत्यक्ष सामन्यासाठी संघात २६ जण असतात आणि त्यांच्या मागे कराराने बांधलेले एकूण ४०. पिचरला पंधरा दिवसांच्या यादीत टाकलं की २६ मधली जागा मोकळी होते. साठ दिवसांच्या यादीत टाकलं की ४० मधलीही. पगार दोन्हीकडे चालू राहतो. हंगाम सुरू झाला तेव्हा कर्शॉ साठ दिवसांच्या यादीत होता, म्हणजे तो संघात असूनही कोणाची जागा अडवत नव्हता.

या काळात खेळाडू नक्की काय करतो, हे बातम्यांत क्वचितच येतं. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे हात झोळीत. मग नुसता हात उचलणं, मग रबरी पट्ट्या ओढणं. चेंडू हातात येतो तो काही महिन्यांनी, आणि तोही चौदा-पंधरा मीटरवरून, सावकाश, सहकाऱ्याच्या ग्लव्हमध्ये. अंतर हळूहळू वाढत पस्तीस-छत्तीस मीटरपर्यंत जातं. त्यानंतर उंचवट्यावरून फेकणं, आधी फक्त सरळ वेगवान चेंडू, मग वळणारे. पुढे आपल्याच संघाचा बॅटर समोर उभा करून सराव आणि शेवटी खालच्या लीगमधले खरे सामने. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच प्रश्न असतो: हात कसा आहे? उत्तर बरं नसेल तर एक पायरी मागे. पिचरला खालच्या लीगमध्ये असं खेळण्यासाठी ३० दिवसांची मुदत मिळते.

कर्शॉ जूनच्या मध्यात खालच्या लीगमधल्या रँचो कुकामोंगा संघाकडून तीन इनिंग खेळला, नव्या दमाच्या पोरांना त्याने सहज बाद केलं आणि त्यानंतर खांदा दुखला. तपासण्या झाल्या, काही गंभीर निघालं नाही, पण काही आठवडे गेलेच. अशा वेळी दुखणं नवीन इजेचं आहे की बऱ्या होत असलेल्या पेशींचं, हे खात्रीने सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. डॉक्टर, फिजिओ आणि खेळाडू मिळून अंदाज बांधतात.

शेवटी २५ जुलैला डॉजर स्टेडियमवर, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध, तो परतला: चार इनिंग, दोन धावा, सहा स्ट्राइकआउट. सहाच दिवसांनी सॅन डिएगोत त्याला एकही स्ट्राइकआउट मिळाला नाही. सामना सुरू करून असं होण्याची कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ होती. चारशेहून अधिक सामने सुरू केलेल्या माणसाबद्दल हे बोलतोय. त्याचा वेगवान चेंडू आता ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास होता. भरात असताना तो १५० च्या वर जायचा. पाच-सहा किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण चेंडू बॅटरपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, आणि वेग जेवढा कमी तेवढा बॅटर चेंडू ओळखायला जास्त थांबू शकतो.

तरीही कर्शॉ जुळवून घेत होता. १८ ऑगस्टला सेंट लुईसमध्ये त्याने सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. वेग तोच, फक्त स्लायडर आणि कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू नेमक्या जागी पडत होते. खांदा भरवशाचा वाटू लागला होता.

३० ऑगस्टला फीनिक्समध्ये, ॲरिझोनाविरुद्ध, तो दुसऱ्या इनिंगमध्येच मैदानाबाहेर गेला. डाव्या पायाचा अंगठा. हाडाला फुटलेला कोंब, ज्याला डॉक्टर बोन स्पर म्हणतात. अशी हाडं एका रात्रीत वाढत नाहीत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने वाढतात.

अंगठा दुखला तर पट्टी बांधून फेकायला काय हरकत, असं कोणालाही वाटेल. पण कर्शॉ डावखुरा आहे, म्हणजे रबरी पट्टीला रेटणारा पाय डावाच. चेंडू सोडण्याआधी या पायाची टाच उचलली जाते आणि शरीराचा जोर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यातून जमिनीत जातो. तो सांधा पुरता वाकला नाही तर रेटा अर्धवट पडतो. वेग कमी पडतोय हे शरीराला कळतं आणि ती तूट भरून काढायला उरतो तो हातच. म्हणजे दहा महिन्यांपूर्वी शिवलेल्या खांद्यावर जास्तीचा भार. खांदा वाचवायचा असेल तर अंगठा दुखत असताना फेकायचं नाही, इतका सरळ हा हिशेब आहे.

बेसबॉलने हा धडा फार पूर्वी एका मोठ्या खेळाडूची किंमत देऊन घेतला आहे. डिझी डीन, १९३४ मध्ये ३० सामने जिंकलेला सेंट लुईसचा पिचर. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात अर्ल ॲव्हरिलने मारलेला चेंडू थेट त्याच्या पायावर बसला आणि डाव्या अंगठ्याचं हाड मोडलं. ते भरून येण्याआधीच तो परतला, दुखऱ्या पायाला जपत फेकण्याची ढब बदलली आणि हात कायमचा बिघडवून बसला. तेव्हा तो फक्त सत्तावीस वर्षांचा होता.

कर्शॉने सप्टेंबरमध्ये परतण्याचे प्रयत्न केले, पण अंगठा ऐकेना. नोव्हेंबरमध्ये त्या पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा अंगठ्याखालची जाड ऊतींची गादी फाटलेली होती, आणि सोबत डाव्या गुडघ्यातली फाटकी कूर्चाही दुरुस्त करावी लागली. तोही रेटणाराच पाय.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे संघ का थांबतो याचं, उत्तर त्या वर्षीच्या डॉजर्सच्या दुखापतग्रस्तांच्या यादीपासून सुरू होतं. शोहेई ओहतानीच्या कोपराची शस्त्रक्रिया २०२३ मध्येच झाली होती, त्यामुळे तो वर्षभर फक्त बॅटिंग करत होता. योशिनोबू यामामोतो जूनच्या मध्यात खांदा दुखून बसला तो थेट सप्टेंबरमध्ये उभा राहिला. टायलर ग्लासनाउचं वर्ष ऑगस्टमध्ये कोपराने संपवलं. गॅव्हिन स्टोनचा खांदा गेला. टोनी गोन्सोलिन, एमेट शीहान आणि रिव्हर रायन हे टॉमी जॉन शस्त्रक्रियेच्या रांगेत. वॉकर ब्यूलर तीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करून परतला होता आणि मधेच कंबरेने हैराण झाला. हे दुर्दैव एकट्या डॉजर्सचं नव्हतं. पिचरच्या दुखापती इतक्या वाढल्या आहेत की मेजर लीगने स्वतः अभ्यास करवून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला, आणि प्रत्येक चेंडू कमाल वेगाने व कमाल वळणाने टाकण्याच्या ध्यासाकडे त्यात बोट दाखवलं. कर्शॉ म्हातारा म्हणून मोडला, हे त्यामुळे अर्धंच खरं. पंचविशीतली मुलंही त्याच्याबरोबर यादीत होती.

अशा परिस्थितीत संघ वर्षभर दोन वेगळे हिशेब चालवतो. पहिला, एप्रिल ते सप्टेंबर: कोणीतरी रोज सामना सुरू करायलाच हवा. दुसरा, ऑक्टोबरच्या बादफेऱ्या: तिथे मधे सुट्ट्या असतात, त्यामुळे तीन-चार चांगले पिचर पुरतात, पण ते त्या तीन आठवड्यांत धडधाकट हवेत. कर्शॉचा करार दोन्ही हिशेबांत बसत होता. पहिल्यात तो उपयोगी पडला. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये सॅन डिएगो मागून झपाट्याने येत होतं आणि शेवटी डॉजर्स ९८ विजयांवर, तर सॅन डिएगो ९३ वर थांबले. गटात पहिलं येऊन, लीगच्या तीन गटविजेत्यांपैकी वरच्या दोघांत राहिलं तर पहिली बादफेरी टाळता येते, म्हणून त्या महिन्यांतल्या प्रत्येक इनिंगला मोल होतं. कर्शॉची ३० इनिंग फुकट गेली असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. त्याच्या जागी त्या इनिंग कोणी टाकल्या असत्या, हा प्रश्न ते विचारतच नाहीत.

दुसऱ्या हिशेबात मात्र तो नव्हता. संघाने ३० जुलैला डेट्रॉइटकडून जॅक फ्लाहर्टीला आणून ठेवलं होतं. ऑक्टोबरात फ्लाहर्टी, यामामोतो आणि ब्यूलर या तिघांवर गाडी हाकली गेली आणि चौथ्या पिचरची पाळी आली की अनेक राखीव पिचरनी एकेक-दोन-दोन इनिंग वाटून घेतल्या. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने सॅन डिएगोविरुद्ध बाहेर फेकले जायच्या बेतात असताना असाच एक सामना ८-० असा काढला. वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना संपवायला तर ब्यूलरलाच, एक दिवसाच्या विश्रांतीनंतर, बोलवावं लागलं. विजयोत्सवात स्टेडियमवर कर्शॉ बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. या विजेतेपदात माझा काही वाटा नाही, असं तो सर्वांसमोर म्हणाला, आणि मी आयुष्यभर डॉजरच राहणार, हेही.

२०२५ मध्ये तो पुन्हा साठ दिवसांच्या यादीतूनच सुरू झाला, पण या वेळी दुरुस्त पाय आणि गुडघा घेऊन. १७ मे रोजी एंजल्सविरुद्ध परतला. २ जुलैला शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध सहाव्या इनिंगमध्ये कारकिर्दीतला तीन हजारावा स्ट्राइकआउट मिळाला. हा टप्पा गाठणारा तो इतिहासातला विसावा पिचर. चेंडूचा वेग २०२४ पेक्षाही कमी होता, आणि तरीही ११ विजय, दोन पराभव, ईआरए ३.३६. सप्टेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे २७ ऑक्टोबरला, टोरोंटोविरुद्ध अठरा इनिंग लांबलेल्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे धावपटू उभे आणि दोन बाद असताना रॉबर्ट्सने त्याला बोलावलं. समोर नेथन लुक्स होता, डावखुरा बॅटर, आणि डावखुऱ्या पिचरचा वळणारा चेंडू डावखुऱ्या बॅटरला खेळायला अवघड जातो, म्हणून निवड कर्शॉची. लुक्सचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, हळू सेकंड बेसकडे गेला आणि तो बाद झाला. त्या नियमित हंगामात कर्शॉने ११२ इनिंगहून अधिक पिचिंग केलं होतं, आणि मेमध्ये यादीतून बाहेर पडल्यापासून तो तिच्यावर परत गेला नव्हता.